गिऱ्हाइकाचे इमान

दुकानाविषयी गिऱ्हाइकाची तक्रार हा विषय निबंधकारांनी फारसा हाती धरलेला नाही. राजाने प्रजेशी, गुरूने शिष्याशी, मित्राने मित्राशी कसे वागावे याची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु ज्या दुकानातून वीसपंचवीस वर्षे मीठमिरची आणली, त्यास उतरती कळा लागली असता आपण त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न कोणी विचारण्याजोगा मानलेला दिसत नाही. माल वाईट मिळू लागला की दुसरे दुकान गाठावे, यात नीतीचा संबंध कोठे येतो, असे बहुतेक वाचक म्हणतील. आम्हीही बरीच वर्षे असेच म्हणत होतो. पुढे एका गुमास्त्याने आम्हांस असे काही उत्तर दिले की, ते अद्याप आमच्या मनातून गेलेले नाही. त्याची हकीकत पुढे येईल.

आम्ही राहतो ते नायगाव नांदेडहून देगलुराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. मुंबईस दादरजवळ दुसरे एक नायगाव आहे, आणि सहकारी दुकानांच्या इतिहासात मान आहे तो त्या नायगावास. १९४८ साली तेथील कामगारवस्तीत मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी संस्था स्थापन झाली. ‘अपना बाजार’ या नावाने पुढे जी सर्वतोमुखी झाली ती हीच. (मराठी कामगारांच्या वस्तीत निघालेल्या दुकानाने ‘आपला’ हे रूप सोडून ‘अपना’ का घेतले, याचे उत्तर मुंबईच्या बोलीतच शोधले पाहिजे; तो विषय वेगळा.) त्या सालच्या सप्टेंबरापर्यंत आमचे नायगाव निजामाच्या राज्यात होते व येथील लोकांस दुकानापेक्षा जिवाची चिंता अधिक होती. मुंबईच्या नायगावातली चिंता पोटाची होती. युद्धकाळात, १९४३ मध्ये, मुंबईत शिधावाटप सुरू झाले. युद्ध संपले तरी टंचाई संपली नाही, आणि काळा बाजार हा शब्द घरोघर झाला. कामगार चाळीखालच्या वाण्याकडे महिनाभर उधारीने माल नेई आणि पगाराच्या दिवशी हिशेब चुकता करी. त्या हिशेबात वजन, भाव आणि भेसळ या तिन्ही गोष्टी वाण्याच्या हाती असत. आपलेच दुकान आपण काढावे, या कल्पनेचे मोल ज्याने असे खाते कधी फेडले असेल त्यालाच पूर्ण कळेल.

कल्पना अर्थात नवी नव्हती. इंग्लंडातील रॉचडेल गावी १८४४ च्या डिसेंबरात, ऐन थंडीत, अठ्ठावीस जणांनी प्रत्येकी एक पौंड याप्रमाणे भांडवल जमवून एक लहानसे दुकान उघडले होते. त्यांत विणकर पुष्कळ होते. पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच काय तो माल. नियम मात्र विचारपूर्वक केलेले: माल शुद्ध, वजन पुरे, व्यवहार रोखीचा, नफ्याची वाटणी ज्याच्या त्याच्या खरेदीच्या मानाने, आणि मत प्रत्येकास एकच. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या नियमांची चर्चा सोयीच्या दृष्टीने होते. आमच्या मते त्यांतील मर्म निराळे आहे. काउंटराच्या अलीकडे उभा असलेला आणि पलीकडे उभा असलेला हे दोघे एकच, असे या नियमांनी ठरविले. गिऱ्हाईक तेथे सभासद झाला. गिऱ्हाइकास मिळतो तो हक्क, सभासदाच्या वाट्यास येते ती जबाबदारी. आणि माणसाचा स्वभाव असा की, हक्क तेवढा घरी न्यावा व जबाबदारी दुकानातच ठेवून यावी.

अपना बाजार वाढला, त्याच्या शाखा निघाल्या, आणि गिरणगावातील कित्येक घरांत महिन्याचे सामान म्हणजे अपना बाजार असे समीकरण होऊन बसले. मग १९८२ चा गिरणी संप आला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. संप कधी रीतसर संपलाच नाही, गिरण्या मात्र एकामागून एक संपल्या. ज्या वर्गाने ते दुकान काढले तोच वर्ग विखुरला. पुढे १९९१ नंतरचे नवे वारे आले आणि त्यामागून झगझगीत दुकानांच्या साखळ्या. त्या काळातली एक गोष्ट सर्वश्रुत आहे. राधाकिशन दमानी यांनी १९९९ मध्ये नेरूळ येथे अपना बाजारचीच एक शाखा मक्त्याने चालवून पाहिली. ती पद्धत त्यांस पटली नाही, आणि २००२ साली पवईस त्यांनी स्वतःचे पहिले डी-मार्ट उघडले. पुढील इतिहास वाचकांस ठाऊक आहे. अपना बाजार आजही नाहीसा झालेला नाही. परंतु त्याचा पूर्वीचा दरारा राहिलेला नाही, हे त्याचे चाहतेही कबूल करतील.

दमानींस यात कोणी दोष देणार नाही. व्यापाऱ्याने व्यापार केला. आमचा प्रश्न गिऱ्हाइकासंबंधी आहे. ज्याच्या बापाने त्या दुकानाचा भाग घेतला होता तो मुलगा रविवारी ढकलगाडी लोटीत दुसरीकडे खरेदी करतो, आणि घरी परत येताना ‘आमच्या वेळी अपना बाजार काय होता!’ म्हणून हळहळतो, तेव्हा त्या हळहळीची किंमत काय?

आता आमची स्वतःची गोष्ट. आमच्या भागातील एका गावी एक ग्राहक भांडार आहे. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आमचे वडील शाळामास्तर होते. आमच्या लहानपणी, १९७२ च्या दुष्काळाची आठवण ताजी असताना, त्यांनी तेथे दहा रुपयांचा एक भाग घेतला. मोंढ्यातील अडत्यास त्याच्या अंगणात उभे राहून नमस्कार करावा लागे; भांडारात वडील खुर्चीवर बसत, आणि गुमास्ता त्यांच्या देखत काटा धरी. डाळीची पुडी बांधलेला दोरा आई गुंडाळून ठेवीत असे, हेही आम्हांस आठवते. वडिलांमागे तो भाग आमच्या नावे झाला. पुढे आम्ही प्राध्यापक झालो, स्कूटर आली, मग मोटार आली, आणि जिल्ह्याच्या गावी काचेची दारे असलेली दुकाने आली. भांडारातले आमचे जाणे वर्षातून चारदोनदा, तेही काही अडले तरच, असे होऊन गेले.

अशाच एका दिवाळीस आम्ही तेथे तुरीची डाळ घेतली. घरी पुडा उघडला तो डाळीत किडे. आम्ही तडक परत गेलो. दोन दिवे मालवलेले होते. फळ्यांवर एकाच जातीच्या साबणाच्या वड्या अंतर ठेवून मांडल्या होत्या, म्हणजे फळी भरल्यासारखी दिसावी. आम्ही आवाज थोडा चढवूनच विचारले की, हा काय माल? जुना गुमास्ता तेव्हाही होता. त्याने पुडा परत घेतला, पैसे मोजून पुढे ठेवले, आणि खाली पाहातच म्हणाला, ‘‘सर, तुम्हीच इकडं येत नाहीत, मग माल हालंल कसा?’’

उत्तर उद्धट नव्हते, म्हणूनच ते लागले. माल शिळा म्हणून आम्ही गेलो की आम्ही गेलो म्हणून माल शिळा झाला? पोते पंधरा दिवसांत खपले असते तर किडा पडला नसता. वर्तुळ कोठून सुरू झाले हे सांगता येत नाही, आणि जे वर्तुळ कोठूनच सुरू होत नाही त्यात प्रत्येकाला आपण निर्दोष आहो असे म्हणता येते.

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली या विषयावर एक लहानसे पुस्तक लिहिले. संस्था ढासळू लागली म्हणजे माणसापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा बोलणे, आणि या दोहोंच्या मध्ये निष्ठा उभी असते, असा त्याचा सिद्धांत. नायजेरियातील रेल्वेचे उदाहरण त्याने घेतले आहे. मालमोटारींची स्पर्धा आल्यावर रेल्वे सुधारावयास हवी होती. ती अधिकच बिघडली, कारण ज्यांनी आरडाओरडा केला असता ते सारे मोटारींकडे गेले. आम्हांस हे वाचताना आमचे भांडार आठवले. तेथून प्रथम कोण गेले? डाळीची पारख असलेले, बोलण्याची हिंमत असलेले आणि वाहन असलेले. राहिले कोण? पेन्शनीवर जगणारी एखादी विधवा, ज्यांस दोनशे रुपयांचा माल आणण्यासाठी पन्नास रुपये भाडे परवडत नाही असे लोक, आणि जवळच्या वस्तीतील मोलमजुरी करणारे. आम्ही आमची तक्रार आमच्याबरोबर मोटारीत घालून नेली, आणि किडलेली डाळ त्यांच्यासाठी ठेवून दिली.

यावर कोणी म्हणेल, तर मग गिऱ्हाइकाने वाईट माल घेत राहावे काय? एवढे मात्र आम्हांस मान्य नाही. वाईट डाळ मुकाट्याने विकत घेणारा दुकानास एकच धडा देतो: वाईट डाळ खपते. बोलल्यावाचून राहणे ही निष्ठा नव्हे, ती सवय आहे.

म्हणून आम्ही बोलण्याचे ठरविले, आणि आमच्या आयुष्यात प्रथमच वार्षिक सर्वसाधारण सभेस गेलो. नोटीस दरवर्षी येत असे. ती वीजबिलाच्या तारेत ओवली जाई. सभा गणपूर्तीअभावी अर्ध्या तासापुरती तहकूब झाली. अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच तेरा माणसांची, गणपूर्तीची अट नसलेली सभा भरली. चहा व चिवडा झाला. आम्ही मालाच्या दर्जाविषयी प्रश्न विचारला. सूचनेची नोंद घेण्यात आली आहे, असे अध्यक्ष म्हणाले. अध्यक्षांविषयी आमच्या मनात त्या क्षणी फार कठोर विचार आले. परंतु बाहेर पडताना आठवले की, हे गृहस्थ बारा वर्षे निवडून येत आहेत आणि त्या बाराही वेळा आम्ही मत देण्यास गेलो नव्हतो.

त्यानंतर काही महिने आम्ही हट्टाने भांडारातूनच माल आणला. येथे आमच्या सौभाग्यवतींचा आक्षेप नमूद केला पाहिजे, कारण तो हर्शमनच्या पुस्तकात नाही. त्या म्हणाल्या, ‘‘निष्ठा तुमची, आणि डाळ निवडायची आम्ही. रोज एक तास त्यात जातो, त्याची नोंद तुमच्या सभेत कोण घेणार?’’ आम्ही निरुत्तर झालो. निघून जाण्याचा भार आम्ही वस्तीतल्या विधवेवर टाकला होता. राहण्याचा भार घरातल्या स्त्रीवर टाकीत होतो. पुरुषांनी सांगितलेल्या पुष्कळशा तत्त्वांचा जमाखर्च असा स्वयंपाकघरात निघत असावा. १९७२ च्या सुमारास मुंबईत महागाईविरुद्ध ज्या लाटणेमोर्चे घेऊन निघाल्या, त्या मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या मागे चालणाऱ्या बायकांस हे हर्शमनवाचून ठाऊक होते. आम्ही तेव्हापासून डाळ स्वतः निवडतो. वेळ खरोखरच तासाचा लागतो.

आणखी एक भेद येथे केला पाहिजे. जे दुकान आपले नाही, त्याच्याशी आपले इमान किती? २००९ च्या प्रारंभी सुभिक्षा नावाची, सुमारे सोळाशे दुकानांची साखळी कोसळली. २०२२ च्या फेब्रुवारीत बिग बाजारची पुष्कळ दुकाने एकाएकी बंद दिसू लागली, कारण जागांचे भाडेपट्टे रिलायन्सकडे गेले होते. त्यापूर्वी कित्येक महिने तेथील रिकाम्या फळ्या पाहून गिऱ्हाइके त्रासली होती. पण त्यांनी करावे काय? त्यांस सभा नव्हती, मत नव्हते, नोटीसही नव्हती. ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली झाला व २०१९ साली नवा झाला. तो वाईट मालाची भरपाई देववील, परंतु दुकान नीट चालविण्याचा अधिकार गिऱ्हाइकास देणार नाही. अशा दुकानातून निघून जाण्यात आम्हांस काही गैर दिसत नाही. तेथील नोकरांविषयी वाईट वाटावे, ते निराळे. सहकारी दुकानाची गोष्ट अशी नाही. तेथे दार उघडे असते, सभेत खुर्च्या मांडलेल्या असतात, आणि त्या रिकाम्या राहिल्या तर दोष खुर्च्यांचा नसतो.

मात्र सभासदत्वाचे ओझे जन्मभराचे आहे, असेही आम्ही म्हणत नाही. दिल्लीचे सुपर बाजार रुपयाच्या अवमूल्यनानंतर, १९६६ साली, सरकारने मोठ्या हौसेने उघडले. ते सहकारी म्हणविले तरी चालविले सरकारने, आणि अखेर २००२ मध्ये गुंडाळण्याची पाळी आली. जेथे सभासदाचा शब्द नावापुरताच होता, तेथे त्याच्या इमानाचा प्रश्न कशास उपस्थित करावा? उलटपक्षी मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून दुकानच न काढता शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचा माल वाटण्याची पद्धत चालविली. तेथे यादी करण्याचे व वाटप करण्याचे काम सभासदांसच करावे लागते. कष्ट पडतात हे खरे. पण डाळ कोणी निवडली हे प्रत्येकास ठाऊक असते.

यंदाच्या वार्षिक सभेची नोटीस परवा आली. विषयपत्रिकेत सातवा विषय असा आहे: ‘भांडाराची जागा भाड्याने देण्याबाबत विचार करणे.’ भाडेकरू कोण येणार, याविषयी गावात दोन नावे बोलली जात आहेत. दोन्ही दुकाने काचेच्या दारांची आहेत. आम्ही नोटीस तारेत ओवली नाही, टेबलावर ठेवली आहे. गुमास्त्यास भेटून गेल्या तीन वर्षांचे खरेदीविक्रीचे आकडे मागितले. त्याने वही काढून दिली व ती नीट उतरून घ्या म्हणाला. आळीतील चार सभासदांस बरोबर येण्याविषयी विचारले. दोघांस आपण सभासद आहो हेच ठाऊक नव्हते. एकाने होकार दिला आहे. चौथ्यांच्या घरी आज संध्याकाळी जावयाचे आहे.