शेवटून निघालेला तिसरा

पात्रता फेरी संपल्यावर गाडीच्या टाकीतून तपासणीसाठी एक लिटर इंधन काढता आलं पाहिजे, असा फॉर्म्युला वनचा नियम होता. ३ नोव्हेंबर २०१२ रोजी अबू धाबीच्या यास मरीना सर्किटवर सेबॅस्टियन वेटेलच्या रेड बुलमधून ८५० मिलिलिटरच निघालं. झालं! मिळवलेलं तिसरं स्थान रद्द. विजेतेपदाच्या चुरशीत फर्नांडो अलोन्सोच्या जेमतेम १३ गुण पुढे असलेला पंचवीस वर्षांचा वेटेल २४ गाड्यांत सगळ्यांत मागे फेकला गेला.

रेड बुलने त्यापुढे जाऊन ग्रिडवरची शेवटची जागाही सोडली आणि वेटेलला पिट लेनमधून सोडायचं ठरवलं. एरवी पात्रता फेरीनंतर गाडीला फारसा हात लावता येत नाही. पिट लेनमधून निघणाऱ्यावर मात्र हे बंधन राहत नाही. जे जायचं ते गेलंच होतं, मग हात तरी मोकळे करून घ्यावेत, असा हा हिशेब. गाड्या ओलांडता याव्यात म्हणून रात्रीतून गिअर बदलले गेले, गाडीची मांडणी नव्याने केली गेली. त्याची किंमतही उघड होती. सगळा ताफा समोरून निघून जाईपर्यंत पिट लेनच्या तोंडाशी थांबायचं, मग हिरवा दिवा. यास मरीनाला तर पिटमधून बाहेर पडणारा रस्ता ट्रॅकखालच्या बोगद्यातून जातो. विजेतेपदाचा दावेदार त्या दिवशी शर्यतीत उतरला तो या बोगद्यातून.

अशा शर्यतींच्या आठवणीत मागे टाकलेल्या गाड्यांची संख्या तेवढी उरते. त्या दिवसाची खरी अवघड बाजू वेगळी होती, ती म्हणजे घाई आवरणं. पहिल्याच फेरीत वेटेल ब्रुनो सेनाच्या गाडीला घासला आणि वेटेलच्याच फ्रंट विंगचं टोक तुटलं. थोड्या वेळाने, अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवणाऱ्या सेफ्टी कारमागे रांगेत चालताना डॅनियल रिकार्डोची गाडी पुढ्यात अचानक मंदावली. तिला चुकवताना वेटेल कडेच्या थर्माकोलच्या फलकावर आदळला. आता विंग बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो पिटमध्ये आला, नवे टायर घेतले आणि बाहेर पडला तेव्हा पुन्हा सगळ्यांच्या मागे होता. एकाच शर्यतीत दोनदा शेवटून सुरुवात!

पहिली शिक्षा नियमाने दिली होती. दुसरीत त्याचा स्वतःचाही वाटा होता, आणि म्हणूनच पुढच्या चाळीसेक फेऱ्यांचं मोल मोठं वाटतं. रोमां ग्रोजाँला मागे टाकताना गाडी ट्रॅकच्या हद्दीबाहेर गेली. वेटेलने जागा परत दिली आणि पुन्हा रीतसर घेतली. आधीची अधीरता तिथे दिसत नाही.

पण तो पहिल्यांदा सेफ्टी कारमागे आला कसा? नवव्या फेरीच्या सुमारास नारायण कार्तिकेयनच्या एचआरटीचं हायड्रॉलिक्स बंद पडलं आणि गाडी एकदम मंदावली. मागून भरधाव येणारा निको रॉसबर्ग तिच्यावर चढून हवेत उडाला आणि भिंतीवर आदळला. दोघे सुखरूप बाहेर आले हे थोर नशीब. त्यामुळे सेफ्टी कार आली, विखुरलेला ताफा एकत्र आला आणि विंग बदलायला थांबूनही वेटेल पुढच्यांपासून फार दूर पडला नाही. पुढे सर्जिओ पेरेझ, ग्रोजाँ, पॉल डी रेस्टा आणि मार्क वेबर यांच्या गोंधळामुळे सेफ्टी कार दुसऱ्यांदा आली, तेव्हाही ताफा असाच आवळला गेला.

कोइमतूरच्या कार्तिकेयनचं त्या दिवशी काय झालं, हे भारतीय वाचकाने विसरू नये. जेमतेम आठवडाभर आधी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर वेटेल जिंकला, त्याच शर्यतीत कार्तिकेयनही धावला होता. एचआरटीला तीन हंगामांत एकही गुण मिळाला नाही आणि २०१२ संपताच तो संघ मिटला. अशा गाडीला पिट लेनचं स्वातंत्र्य देऊन काय साधणार? रात्रभर तिचे गिअर बदलत बसलं तरी ती मागेच राहणार होती. शेवटून येऊन चमत्कार करायचा तर हाताशी पहिल्या रांगेची गाडी लागते. २०१४ मध्ये हंगेरीत पात्रता फेरीत लुईस हॅमिल्टनच्या गाडीने पेट घेतला. तो पिट लेनमधून निघाला, ओलसर ट्रॅकवर पहिल्याच फेरीत घसरून कठड्याला लागला आणि तरीही तिसरा आला. २०२५ मध्ये ब्राझीलला मॅक्स फेर्स्टापेन पिट लेनमधून निघाला, सुरुवातीलाच त्याचा टायर पंक्चर झाला, आणि शेवटी तोही तिसराच. तिघेही अव्वल चालक आणि तिघांच्याही हाताखाली अव्वल गाड्या.

यामुळे वेटेलचं कौतुक कमी होत नाही. मात्र ते नेमकं कशाचं करायचं हे कळतं. ५५ फेऱ्यांच्या शर्यतीत ५२व्या फेरीला त्याने जेन्सन बटनला मागे टाकलं आणि किमी रायकोनेन व अलोन्सोपाठोपाठ तिसरा आला. चौथ्या क्रमांकाला १२ गुण, तिसऱ्याला १५. हंगाम संपला तेव्हा वेटेलचे २८१ गुण होते, अलोन्सोचे २७८. बाकी सगळं तसंच धरलं, तर बटनच्या मागे राहूनही गुण बरोबरीत सुटले असते आणि तीन विरुद्ध पाच विजयांच्या जोरावर वेटेलच विश्वविजेता ठरला असता. अबू धाबीत पाचवा आला असता तर २०१२ चं विजेतेपद अलोन्सोचं होतं.