खाच हलत नाही

आधी मेन स्विच पाडा. आवाज विरला तरी स्पिंडल थोडा वेळ फिरत राहतो, म्हणून कानावर विसंबू नका. कटरचे दात एक एक करून मोजता येईपर्यंत थांबा. भिवंडीत पूर्ण शांतता मिळणार नाही. रस्त्यावर गोदामांकडे निघालेले ट्रक आहेत, भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट आहे. तो असू द्या. त्याच्याशी भांडायचे नाही आणि घाईही करायची नाही.

आता स्पिंडल मशीनच्या बिडाच्या टेबलावर तळहात ठेवा. बोट सरकवत पुढच्या बाजूच्या खाचेपर्यंत न्या. मायटर गेजचा बार जिच्यातून धावतो ती ही खाच. टेबल घडवताना ती कोरली गेली आणि आता तिच्यात काही बदल करणे तुमच्या हातात नाही. मग बोट पलीकडे फेन्सवर न्या. ती दोन तुकड्यांची आहे, कटरच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. बोल्ट सैल केले की ती सरकते, वाकडी होते. एक हलणारी, एक न हलणारी. दोन्ही बोटांनी नीट ओळखून घ्या.

एक प्रश्न मनात धरा. खाच नाहीच असे समजा. लाकडाची पट्टी फेन्सला टेकवून कटरसमोरून न्यायची आहे. फेन्सचे स्पिंडलपासूनचे अंतर तेवढेच ठेवून ती सगळी थोडी तिरपी फिरवली, तर पट्टीवरच्या कापात काय फरक पडेल? उत्तर लगेच देऊ नका. डोळे मिटून कटर वरून पाहा. ते गोल आहे.

काहीच फरक पडणार नाही. वर्तुळाला पुढची बाजू नसते. कुठल्याही दिशेने सरळ रेषा आणली तरी ते तिला तसेच भेटते. टेबल-करवतीवर हात बसलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. तिथे पाते सपाट असते, फेन्स त्याला समांतर नसली तर लाकूड अडकते, जळते, उलटे फेकले जाते. ती धास्ती घेऊन तो स्पिंडलकडे येतो आणि टेबलाच्या कडेपासून फेन्स मोजत बसतो. त्या मापाला इथे फारसा अर्थ नाही, असे मी तरी म्हणेन.

मात्र फेन्सच्या दोन तुकड्यांचे आपसात पटले पाहिजे. यावर जरा रेंगाळा, कारण भिवंडीत याचे उदाहरण भिंतीपलीकडेच आहे. साध्या मागावर धोटा हवेत उडत नाही. खाली लाकडी पट्टी आणि मागे फणी, या दोन पृष्ठांच्या आधाराने तो धावतो, आणि दोन्ही टोकांना त्याच्या पेट्या असतात. पेटीची मागची भिंत आणि फणी एका रेषेत नसतील तर धोट्याला धक्का बसतो, तो वाट सोडतो, कधी बाहेर उडतो. म्हणून माग जुळवणारा कारागीर पेटीपासून फणीपर्यंत लांब पट्टी टेकवून खालून उजेड दिसतो का ते पाहतो. तुमच्या फेन्सचेही तसेच. दोन्ही तुकड्यांवर एक सरळ पट्टी धरा. अर्धीच कड कोरायची असेल तर फट नको. संपूर्ण कड तासली जाणार असेल, तर पलीकडचा तुकडा तासल्या जाणाऱ्या जाडीइतका पुढे हवा, नाहीतर कटरपुढे गेलेल्या लाकडाला टेकायला जागाच उरत नाही.

आता खाच परत आणा. कपाटाच्या शटरची आडवी पट्टी घ्या. तिच्या टोकाला सांधा कोरायचा आहे, म्हणून ती मायटर गेजला धरली आहे आणि तिचे टोक फेन्सला टेकले आहे. लाकडाला आता दोन वाटाडे झाले. समांतर असण्याची गरज इथे सुरू होते, त्याआधी ती नव्हती. फेन्स एकटी होती तेव्हा तिरपी असणे हा तिचा दोष नव्हता.

समजा ६०० मिमी लांबीत ०.६ मिमी फरक आहे. पट्टी ७५ मिमी रुंद असेल तर तिच्या वाट्याला ०.०७५ मिमी येतो, कागदाच्या जाडीहूनही कमी. मग कशाला चिंता? आकडा तसाच ठेवा आणि दिशा पाहा. पुढे जाताना फेन्स खाचेपासून दूर होत असेल, तर गेजला घट्ट आवळलेली पट्टी खाचेच्याच वाटेने जाते आणि काप बरोबर येतो. फेन्स फक्त मागे पडते. पण ती जवळ येत असेल, तर पट्टी दोघांमध्ये चिमटत जाते, ढकलणारा हात जोर वाढवतो, आणि हे सगळे कटरच्या अगदी तोंडाशी घडते. चूक तेवढीच, एक निरुपद्रवी आणि दुसरी बोटावर बेतणारी.

मग जुळवायचे कशाला कशाशी? १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर या खाडीच्या परिसरात आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. जहाजाच्या अंगात सरळ रेषा शोधून सापडत नाही, तरी बांधणी सुरू होते ती तळाच्या एका लांब कण्यापासून, आणि बाकीची मापे त्याच्यावरून घेतली जातात. इथे कणा म्हणजे खाच.

मायटरच्या बारावर डायल गेज बांधा. बार खाचेत किंचित खुळखुळतो, म्हणून तो पूर्ण वेळ एकाच कडेला दाबून ठेवा, नाहीतर तुम्ही फेन्स नव्हे, तो खुळखुळ मोजाल. एका टोकाला काटा शून्यावर आणा. हळू ढकला. काटा हलेल, हलू द्या. दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत फेन्सला हात लावायचा नाही. मग एकाच बाजूचा बोल्ट सैल करा, लाकडी हातोडीने हलकेच ठोका, पुन्हा ढकलून पाहा. काटा स्थिर झाला की बोल्ट आवळा, आणि आवळल्यावर पुन्हा मोजा. आवळताना फेन्स सरकते. नेहमी. पावसाळ्यात फेन्सच्या लाकडी फळ्या फुगतात, तेव्हा मे महिन्यातले माप जुलैत गृहीत धरू नका.

मेन चालू करण्याआधी कटरच्या दाताची धार कुठे तोंड करून आहे ते पाहा. लाकूड तिच्या सामोरे गेले पाहिजे. मोटर काढून पुन्हा जोडली असेल आणि थ्री फेजच्या दोन वायरींची अदलाबदल झाली असेल, तर स्पिंडल उलटा फिरेल. हे फळी हातात न घेता, क्षणभर स्विच देऊन आणि बाजूला उभे राहून तपासायचे. ते पटले की रद्दी तुकडा गेजला आवळा, मागे आधाराची फळी द्या म्हणजे शेवटचे तंतू फाटणार नाहीत, आणि एक काप घ्या. खांद्याचे माप व्हर्नियरने दोन्ही कडांना घ्या. सारखे आले तर खऱ्या पट्ट्या लावा.