पाहणे आणि मागणे

टेबलावर आलेला कागद आपण पाहतो. परंतु पाहिल्याने तो मंजूर होत नाही. नजर आणि सही यांच्यामध्ये विचाराला जागा असते, आणि आपली जबाबदारीही तेथेच सुरू होते. नजरेने चालणाऱ्या संगणकाच्या निमित्ताने हा साधा भेद पुन्हा तपासावासा वाटतो.

असे यंत्र डोळ्यांवर अवरक्त प्रकाश टाकते. त्याचे प्रतिबिंब आणि बाहुलीचे स्थान कॅमेरा टिपतो, व नजर पडद्यावर कोठे आहे हे गणिताने ठरते. पण डोळा हातासारखा आज्ञाधारक नाही. तो सेकंदाला तीन-चार उड्या घेतो आणि त्यांतील बहुतेक आपल्याला कळतही नाहीत. १९९० साली अमेरिकन संशोधक रॉबर्ट जेकब यांनी या अडचणीला मिडास राजाचे नाव दिले. त्या राजाने स्पर्श करताच अन्नाचेही सोने होई. येथे जिकडे पाहावे तिकडे आज्ञा सुटते. म्हणून नजर क्षणभर स्थिरावली तरच निवड मानतात. किंवा २०२४ मध्ये विक्रीस आलेल्या ॲपलच्या व्हिजन प्रो या उपकरणाप्रमाणे, नजरेने वस्तू हेरावी आणि बोटांच्या चिमटीने होकार द्यावा. सोयीसाठी शोधलेला हा विलंब नीतीच्या दृष्टीनेही मोलाचा आहे.

ज्याचे शरीर मज्जारोगाने निश्चल झाले, त्याला मात्र नजर हाच हात आणि हीच वाणी. एकेक अक्षर निवडून तो ‘पाणी’ म्हणतो, तेव्हा यंत्राला नावे ठेवणे निर्दयपणाचे होईल. तथापि त्यालाही, किंबहुना त्यालाच, काहीही न मागता नुसते पाहता आले पाहिजे.

खरी चिंता नोंदीची आहे. रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी रेपिनचे एकच चित्र दाखवून निरनिराळे प्रश्न विचारले, तेव्हा प्रश्नागणिक नजरेची वाट बदलली. म्हणजे नजरेच्या वाटेवर मनाच्या शोधाचा ठसा असतो. आजवर समाजाने माणसाला जाब विचारला तो कृतीचा; मनात आलेल्या मोहाचा हिशेब त्याने स्वतःशीच करावा, अशी रीत होती. मोहाच्या वस्तूवर क्षणभर रेंगाळून नजर वळवणे, यालाच आपण संयम म्हणतो. पण वहीत केवळ रेंगाळणेच उतरले, तर संयमी मनुष्यही तेथे लोभी म्हणूनच नोंदला जाईल.

पाहणे म्हणजे मागणे नव्हे. हे यंत्राला शिकवता येते. पण शिकवणाऱ्याला स्वतःला ते मान्य असावे लागते.