अजून दोन शीट

उमरी स्टेशनात धर्माबादकडं जाणाऱ्या गाडीला उशीर होईल, पण ती तुमच्यासाठी थांबत नाही. भोकरच्या काळी-पिवळीचं तसं नसतं. "अजून दोन शीट, लगेच निघू," म्हणत ड्रायव्हर अर्धा तास काढतो. ते दोघं येतात, तोवर तिसरा पिशवी हलवत लांबून पळत येताना दिसतो.

मुक्त संगणक प्रणालींतही हेच दोन पंथ. डेबियनवाल्यांचा जुना बाणा: तयार होईल तेव्हा निघेल. जुलै 2002 मध्ये एक आवृत्ती आली, पुढची थेट जून 2005 मध्ये. उबुंटूनं 2004 पासून रेल्वेची वाट धरली. एप्रिल आणि ऑक्टोबर, वर्षातून दोनदा. 2006 साली मात्र एप्रिलची गाडी जूनमध्ये सुटली.

घाईनं काम बिघडतं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. इथं मला उलटं दिसतं. पुढची गाडी तीन वर्षांनी असेल तर जो तो आपलं गाठोडं याच गाडीत कोंबणार, आणि त्या कोंबाकोंबीनंच ती आणखी अडणार. सहा महिन्यांनी दुसरी आहे म्हटल्यावर अर्धवट काम घेऊन दाराला कोण लोंबकळेल? डेबियननंही 2009 मध्ये नवी भर थांबवण्याची तारीख आधीच ठरवायचं मनावर घेतलं. आता साधारण दोन वर्षांनी त्यांची आवृत्ती येते.

तारखेचा फायदा मराठीलाही होतो. ग्नोम या मुक्त डेस्कटॉपमध्ये ठरलेल्या दिवसानंतर पडद्यावरचे मूळ शब्द सहसा बदलत नाहीत, तेव्हा कुठं अनुवाद करणाऱ्याला उसंत मिळते. नाहीतर 'जतन करा'च्या शेजारी इंग्रजी डोकावत राहतं.

पण गाडीत बसणाऱ्याचं काय? तालुक्याच्या शाळेतले दहा-बारा संगणक दर सहा महिन्यांनी कोण उघडून बसणार? (मी तर घरचा एकही उघडून बसत नाही.) उबुंटूच्या साध्या आवृत्तीला दुरुस्त्या मिळतात नऊच महिने, दर दोन वर्षांनी येणाऱ्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं. शाळेनं हीच धरावी, आणि तीही आल्या आल्या नको. जुन्या दीर्घ मुदतीवाल्यांना नव्या आवृत्तीचा निरोप उबुंटूच तिच्या पहिल्या दुरुस्ती-आवृत्तीनंतर, ऑगस्टच्या आसपास पाठवतं. तोवर शाळा भरलेली असते, चाचण्या तोंडावर आलेल्या असतात. मग पुढच्या मे महिन्याची सुट्टी.