आवाज फुटला म्हणून गाणं सोडायचं?

टेक्सासमधल्या फ्रिस्कोतल्या आपल्या अनेक घरांत मुलगा सातवी-आठवीत गेला की शाळेचा कॉयर सुटतो आणि त्या जागी कोडिंग येतं. 'आवाज फुटलाय, आता काय गाणार? मुलग्याला गाण्याचा उपयोग तरी काय?' मुलीला मात्र गणेशोत्सवात आपणच गायला उभं करतो. या भेदामागे विचार नाही, नुसती सवय आहे.

वयात येताना मुलाचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब व जाड होतात, आवाज साधारण सप्तकभर खाली उतरतो. मधल्या काळात तो चिरकतो. हा बिघाड नव्हे, वाढ आहे. झेपेल त्या पट्टीत, न ओरडता गायलं तर अपाय होत नाही. टेक्सासच्या अनेक शाळांत अशा मुलांची वेगळी तुकडी असते. तिथे हसायला कुणी उरत नाही, कारण शेजारच्याचाही आवाज चिरकतच असतो.

मुलग्याने रडू नये, घाबरलो म्हणू नये, असं बजावून आपण त्याला मुका करतो आणि पुढे 'तो बोलतच नाही' म्हणून कुरकुरतो. कॉयरमध्ये लांबलेला सूर एकाच्या दमात मावत नाही. मुलं आळीपाळीने श्वास घेतात; एक थांबतो, तेव्हा बाकीचे सूर धरून ठेवतात. दुसऱ्याच्या भरवशावर थांबणं हा कमकुवतपणा नव्हे, हे तिथे रोज अनुभवाला येतं. गाणं बायकी वाटत असेल, तर पंढरीच्या वाटेवर टाळ घेऊन गाणाऱ्या हजारो पुरुषांना काय म्हणणार?

अभ्यास बुडेल? टेक्सासमधल्या शाळांसाठीच्या यूआयएल या संस्थेच्या कॉयर स्पर्धेत कधीही न पाहिलेली रचना थोडक्या वेळात वाचून गावी लागते. हे बुद्धीचंच काम आहे. शिवाय इथे हायस्कूल पूर्ण करायला कलेचं एक क्रेडिट लागतंच. चर्चची गाणी गावी लागतात? काशी विश्वनाथाच्या मंदिरात सनई वाजवून बिस्मिल्ला खाँ यांचा धर्म बुडाला नाही. आपल्या मुलाचाही बुडणार नाही.

एखाद्याला गाणं आवडत नसेल, तर त्याच्यावर लादू नये. पण तो नकार त्याचा असावा, आपल्या समजुतीचा नव्हे. विषय निवडायचा फॉर्म येईल तेव्हा आधी मुलाला विचारा. तो हो म्हणाला, तर सही करा आणि त्याच्या कार्यक्रमाला वेळेवर जाऊन बसा.