गवताला कुंपण घातल्यावर

माझ्या कामात ‘रिस्टोअर’ हा अगदी सोपा शब्द आहे. डेटाबेस बिघडला की काल रात्री दोनचा बॅकअप उचलायचा, टाकायचा, रेकॉर्डची संख्या जुळली की चहाला जायचं. गेल्या काही वर्षांत हाच शब्द माळरानांसाठी वापरतात आणि तिथे मी अडखळतो. माळाचा बॅकअप कुठल्या तारखेचा घ्यायचा? 1972च्या दुष्काळाआधीचा? रेल्वे येण्याआधीचा? आणि सगळं जुळलं की नाही हे मोजताना कोणाकोणाला मोजायचं?

माझं घर जळगावचं, आजोळ शिंदखेड्याकडचं. जळगावात शेत म्हणजे केळी आणि कापूस. आजोळी मात्र काळ्या दगडावर वीतभर माती आणि वर्षाला 500-600 मिलिमीटर पाऊस. तिथल्या उघड्या टेकडीकडे बोट दाखवून लहानपणी मी मामाला विचारलं होतं, तिकडे काय आहे? तो म्हणाला, “आठे काहीच नही शे.” मामाला दोष देत नाही. सरकारही तेच म्हणत आलंय. 2000 साली देशाचा वेस्टलँड अ‍ॅटलास निघाला, त्यात झुडपी माळ आणि खालावलेली कुरणं हे पडीक जमिनीचेच प्रकार ठरले. एकदा जमीन पडीक ठरली की तिचं काहीही केलं तरी ते भलंच वाटतं. 2019च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात 33 कोटी झाडं लावायचं लक्ष्य होतं. एवढ्या खड्ड्यांना जागा लागते, आणि ‘काहीच नाही’ अशी जागा दिसली की ती आधी उचलली जाते. मग माळावर ग्लिरिसिडियाच्या रांगा उभ्या राहतात, खाली सावली पडते, आणि उन्हावर जगणारं गवत मरतं. कुणालाच वाईट वाटत नाही, कारण तिथे काही होतं असं कुणी मानलेलंच नसतं.

होतं, आणि फार पूर्वीपासून होतं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनचं मराठी साहित्य, म्हणजे संतचरित्रं, ओव्या, दैवतांच्या कथा, चाळून त्यातल्या रानटी वनस्पतींची यादी केली. 44 जाती निघाल्या. त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश दाट जंगलातल्या नाहीत, उघड्या माळावरच्या आहेत. अभ्यास पश्चिम महाराष्ट्राचा आहे, खानदेशाचा नाही. पण ‘माळ म्हणजे तोडलेलं जंगल’ या समजाला त्याने चांगलाच धक्का दिला. इंग्रज यायच्या कितीतरी आधी लोक बाभळीखाली बसत होते आणि त्याबद्दल गात होते.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं बारीपाडा सगळ्यांना माहीत आहे. तिथे लोकांनी जंगल राखलं, चैत्राम पवारांना 2025मध्ये पद्मश्री जाहीर झाली. धुळे तालुक्यातलं लामकानी त्यामानाने कमी लोकांना माहीत असतं. तिथे डॉ. धनंजय नेवाडकर, पेशाने पॅथॉलॉजिस्ट, यांच्या पुढाकाराने गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली आणि टेकड्यांवर गवत परत आणलं. जंगल राखलं की फोटो चांगला येतो. गवत राखलं तर फोटोत पुन्हा गवतच.

चराई थांबली की काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. गुरं आणि मेंढ्या निवडून खातात. पवन्या आणि मारवेल ही गोड, बहुवर्षायू गवतं आधी संपतात. उरतात ती वर्षभरात मरणारी, कुसळांची, कुणी तोंड न लावणारी. काही पावसाळे विश्रांती मिळाली की हा क्रम उलटा फिरू लागतो. कुठे दगडाआड टिकलेला एखादा पवन्याचा ठोंब बी टाकतो, मुळं माती धरतात, पाणी मुरतं. द्वीपकल्पीय भारताच्या मोठ्या पट्ट्यातल्या गवताळ प्रदेशाला वनस्पतिशास्त्रज्ञांनी पवन्या आणि मारवेल यांच्याच वंशांचं नाव दिलंय. म्हणजे ही दोन परतली की अर्धी लढाई जिंकली असं वाटतं.

पण अर्धीच. नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी 2020मध्ये सहा खंडांवरचे 31 अभ्यास एकत्र करून पाहिले. एकदा मोडून पुन्हा उगवलेल्या गवताळ जमिनीत, जुन्या न मोडलेल्या जमिनीपेक्षा साधारण 37 टक्के कमी वनस्पती सापडतात. ती तूट भरायला किमान शंभर वर्षं, अनेकदा हजारो. हिरवं दिसणं आणि परत येणं यांतला फरक हाच. जुन्या माळाची श्रीमंती जमिनीखाली असते, कंदांत, गाठींत, हळू सरकणाऱ्या मुळांत. ती रोपवाटिकेतून आणून लावता येत नाही.

शिवाय नुसती यादी भरूनही माळ होत नाही, कारण त्या जातींचं एकमेकांशी काहीतरी चालू असावं लागतं. ते नातं गोडच असेल असं नाही. ज्वारीच्या शेतात टारफुला आला की शेतकरी शिव्या घालतो, कारण तो ज्वारीच्या मुळांत मुळं घालून फुकट जेवतो. युरोपात असाच एक पिवळ्या फुलांचा परजीवी कुरणात मुद्दाम पेरतात. तो दांडग्या गवतांचा रस ओढतो, ती जरा वठणीवर येतात, आणि मधल्या जागेत लहान फुलझाडं उगवतात. एका शेतातला चोर दुसऱ्या कुरणात सगळ्यांना वाव करून देतो. (आमच्या क्षेत्रात अशा सहकाऱ्याला कुणी बढती देत नाही, पण तो विषय वेगळा.)

आता मला खरी टोचणारी गोष्ट. दांडग्या गवताला आवरण्याचं हेच काम आपल्याकडे कोण करतं? चरणारं जनावर. गवतं चरणाऱ्यांसोबतच घडली आहेत. ती बुंध्यातून वाढतात, म्हणून शेंडा खाल्ला तरी मरत नाहीत. चराई कायमचीच बंद केली तर वाळलेल्या गवताचा थर साचतो, दोन-चार जाती सगळं व्यापतात, आणि लहान फुलं अंधारात मरतात. म्हणजे बंदी हे औषध आहे, जेवण नाही. आणि बंदी कुणावर पडते? गावातल्या शेळ्यांवर पडते, हे खरं. पण साक्री-शिंदखेडा भागातल्या ठेलारींवरही पडते, ज्यांच्या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या या माळांवरून चालत आल्या. पावसाळ्यानंतर ते बाहेर पडतात, लोकांच्या मोकळ्या शेतांत मेंढ्या बसवतात, शेताला खत मिळतं, त्यांना धान्य किंवा पैसे. राखलेलं गवत कापून नेता येतं, असं उत्तर मिळतं. कापलेलं गवत गोठ्यातल्या म्हशीपर्यंत पोचतं. चालत्या मेंढीपर्यंत कसं पोचणार? ज्याच्याकडे गोठा आहे त्याला माळ परत मिळतो. ज्याच्याकडे फक्त वाट होती, त्याची वाट बंद होते.

बंदी नसती तर कुणालाच गवत मिळालं नसतं, हे मला मान्य आहे. माळ दमला होता, त्याला विश्रांती हवी होती. पण तो दमला कशाने, यात एकट्या मेंढीला पकडणं सोयीचं आहे. माळावर शेतं सरकली, रोपवाटिका आल्या, रस्ते गेले, आणि उरलेल्या तुकड्यावर सगळी जनावरं लोटली गेली. तेव्हा माझ्या मते बंदी न्याय्य ठरायला दोन गोष्टी लागतात. तिला शेवटची तारीख हवी, आणि ती तारीख ठरवणाऱ्या बैठकीत मेंढपाळ हवा, पाहुणा म्हणून नव्हे. एवढं नसेल तर आपण माळ परत आणत नाही, त्याचा मालक बदलतो.

मेंढपाळ बैठकीत काय बोलेल, हे आधीच ठरवून त्याला ऋषी बनवायचीही गरज नाही. कदाचित तो जास्तच मागेल. म्हशीवालाही मागतोच की.

कुसळीच्या बियांना एक पिळदार शेपूट असतं. दमट हवेत ते उलगडतं, कोरड्या हवेत पुन्हा पिळतं, आणि त्या फिरण्याने बी स्वतःला मातीत स्क्रूसारखं खुपसून घेतं. तेच बी मेंढीच्या लोकरीतही अडकतं, कातडीत घुसतं, जखमा करतं. म्हणून दिवाळीच्या सुमारास मेंढपाळ कुसळीचा माळ टाळतो. तरी थोडी अडकतातच. मग पुढच्या मुक्कामावर, कुठल्यातरी वेचणी झालेल्या कापसाच्या शेतात, तो मेंढीला मांडीशी दाबून धरतो, एकेक कुसळ उपटतो आणि बांधावर टाकून देतो.