तिहू: दिलेली आणि विकलेली

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, ईशान्येकडील उंच पठारांवर होपी लोकांची गावे आहेत. पाऊस तुटपुंजा, आणि मक्याची शेती त्याच्यावरच. पाऊस आणणारी जी आत्मरूपे, ज्यांना होपी ‘कात्सिना’ म्हणतात, ती दक्षिणायन संपण्याच्या सुमारास गावात येतात आणि जुलैमधील निमान सोहळ्यानंतर सान फ्रान्सिस्को शिखरांकडे परततात, अशी श्रद्धा आहे. या मुक्कामात मुलींना कात्सिनांच्या हातून एक लाकडी मूर्ती मिळते. तिचे नाव ‘तिहू’. इंग्रजीतून रूढ झालेला ‘बाहुली’ हा शब्द फसवा आहे. तिहू घरात भिंतीला वा आढ्याला टांगतात.

ती कोरतात कॉटनवुड झाडाच्या मुळातून. हे मूळ पाण्याच्या शोधात खोल जाते आणि वाळल्यावर वजनाला हलके असते. सुरीने घडण, कानशीने सफाई, पांढऱ्या मातीचा लेप, त्यावर रंग. कोरणारा बहुधा घरातलाच कोणी पुरुष. पण देणारा तो नव्हे, कात्सिना.

मग हीच मूर्ती बाजारात मांडली तर? सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी 1964 साली फीनिक्सच्या हर्ड संग्रहालयास अशा 437 मूर्ती दिल्या. आज कित्येक होपी घरांची चूल या कोरीव कामावर चालते. आमच्या मते यात सरसकट दोष काढणे अन्याय्य होईल. सराफाच्या दुकानातला टाक आपण पैसे देऊनच आणतो. देव्हाऱ्यात बसल्यावर मात्र तो विकण्याचा विचारही आपल्या घरांत कोणी करीत नाही. पदार्थाला पावित्र्य कृतीतून येते, एवढे मानले की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो.

तो सुटत नाही. कात्सिनाचे रूप हेच दीक्षेने मिळणारे ज्ञान आहे, म्हणून काही रूपे विक्रीसाठी कोरूच नयेत, असे काही होपींना वाटते. 1990 चा अमेरिकी हस्तकला कायदा बनावट माल ‘मूलनिवासींचा’ म्हणून विकण्यास बंदी करतो. म्हणजे तो मुख्यतः गिऱ्हाइकाची फसवणूक टाळतो. पावित्र्याचे रक्षण हे त्याचे कामच नव्हे.

सोहळ्यात धारण केलेल्या मुखवट्यांचे प्रकरण याहून कठीण. होपी त्यांना ‘मित्र’ म्हणतात. ते समाजाचे, कोणा एकाला विकण्याचा अधिकार नाही. एप्रिल 2013 मध्ये पॅरिसला असे सुमारे 70 मुखवटे लिलावात निघाले. या वस्तूंना जिवंत वा मृत व्यक्तींसमान मानता येणार नाही, असे म्हणत न्यायालयाने लिलाव थांबवण्यास नकार दिला. न्यायाधीशांच्या कायद्यात व्यक्ती आणि वस्तू यांच्यामध्ये तिसरी जागाच नव्हती. होपींचा ‘मित्र’ नेमका त्या जागी उभा होता.

त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा लिलाव झाला. या वेळी ॲननबर्ग प्रतिष्ठानने गुपचूप बोली लावून 24 वस्तू सुमारे 5 लाख 30 हजार डॉलरांना घेतल्या, त्या परत करण्यासाठीच. त्यांतील 21 होपींच्या, 3 सान कार्लोस अपाचींच्या. हे करू नये होते, असे आम्हांस म्हणवत नाही. परंतु जे विकता येत नाही असे होपी सांगत होते, त्याचा भाव या औदार्यानेच अधिक पक्का झाला आणि विक्रेत्याची रक्कम पदरात पडली. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेने अशा वारसावस्तू देशाबाहेर नेण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. पूर्वीच युरोपात गेलेले मित्र मात्र त्या कायद्याने घरी येत नाहीत.